वजाबाकी चुकली की भाषा?

एकाच वर्गात एका मुलाला हातच्याची वजाबाकी सहज जमते, तर दुसरं दोन अंकी संख्या वाचतानाच अडखळतं. दोघांना सारखाच खेळ दिला, तर एक कंटाळतं आणि दुसरं डाव सोडून उठतं. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने यावर सरळ उपाय रुजवला. इयत्ता बाजूला ठेवायची, मुलाला आज काय येतं ते तपासायचं आणि तिथूनच सुरुवात करायची.

संगणकावरचे खेळ हीच तपासणी प्रत्येक उत्तरानंतर करू शकतात. नेदरलँड्समधल्या गणिताच्या एका खेळात त्यासाठी बुद्धिबळातली एलो गुणांकन पद्धत वापरली आहे. मूल आणि उदाहरण हे तिथे दोन प्रतिस्पर्धी असतात. उत्तर बरोबर आलं की मुलाचे गुण वाढतात, उदाहरणाचे घटतात. चुकलं की उलट. मग यशाची शक्यता साधारण ७५ टक्के राहील असं पुढचं उदाहरण समोर येतं. अवघडपणा थोडा कमी-जास्त करायची मुभाही मुलाला असते, आणि ती फार मोलाची आहे.

असा खेळ यवतमाळ जिल्ह्यात आणायचा तर मात्र एक पेच आहे. केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागातल्या कोलाम समाजातल्या अनेक मुलांची घरची भाषा कोलामी, म्हणजे मराठीहून वेगळी, द्रविड कुळातली. मराठीतलं शाब्दिक उदाहरण कळलं नाही म्हणून चुकलं, तरी खेळ गणितच कच्चं धरणार आणि हुशार मुलीलाही सोप्या बेरजांत अडकवून ठेवणार. हा तिच्यावर अन्याय आहे. म्हणून सूचना कोलामीतून ऐकवायला हव्यात, आणि भाषेचे व गणिताचे गुण वेगवेगळे मोजायला हवेत.