औषधीनिर्माणातील जल आणि त्याच्या परीक्षणाची उपकरणे

शार्ङ्गधराने क्वाथासाठी एक भाग द्रव्यास सोळा भाग जल सांगितले आहे. याचा सरळ अर्थ असा की, क्वाथाच्या पातेल्यात वजनाने सर्वाधिक असणारे द्रव्य गुडूची नव्हे, दशमूळ नव्हे, तर पाणी होय. आपण गुडूचीचे कांड मोडून पाहतो, दशमुळातील भेसळ हुडकतो, मधाची परीक्षा करतो. पाणी मात्र तोटी उघडून घेतो. आपल्या त्रैमासिकाच्या वाचकांत स्वतःची औषधनिर्माणशाळा चालविणारे अनेक वैद्य आहेत. त्यांच्याकडून ‘पाणी तपासण्यासाठी कोणते यंत्र घ्यावे?’ अशी पृच्छा वारंवार होते. या प्रश्नाचे एका यंत्राच्या नावाने उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांमध्ये २००० साली अंतर्भूत झालेल्या अनुसूची ‘टी’नुसार निर्मितीसाठी वापरावयाचे जल शुद्ध व पिण्यायोग्य असणे बंधनकारक आहे. पिण्यायोग्य कशास म्हणावे, हे भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या मानकात दिले आहे. २०१२ सालच्या सुधारित आवृत्तीनुसार सामू ६.५ ते ८.५, एकूण विरघळलेले क्षार प्रतिलिटर ५०० मिलिग्रॅमपर्यंत व कठिणता २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास क्षारांची मर्यादा २००० पर्यंत व कठिणतेची ६०० पर्यंत शिथिल होते. नायट्रेटच्या ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेस मात्र कोणतीही सूट नाही.

हे मानक पेल्याने पाणी पिणाऱ्यासाठी केलेले आहे. आपण पाणी पीत नाही, आटवितो. येथेच आपल्या व्यवसायाची खरी अडचण सुरू होते. समजा, १० किलो शुष्क द्रव्याच्या भरडीस आठपट, म्हणजे ८० लिटर पाणी घातले आणि ते बोअरचे पाणी प्रतिलिटर १२०० मिलिग्रॅम क्षारांचे आहे. ८० लिटरमधून पातेल्यात ९६ ग्रॅम क्षार गेले. वाफ निघून गेली तरी क्षार मागे राहतात. घन १ किलो मिळाला, तर त्यात दहाव्या हिश्शाच्या जवळपास वजन पाण्यातील क्षारांचे असू शकते. त्यातील काही भाग उकळताना कार्बोनेटच्या रूपाने पातेल्याच्या बुडाशी बसतो, बायकार्बोनेटचे वजनही उकळण्याने घटते, हे मान्य. परंतु उरलेला भाग रुग्णाच्या वटीत जातोच. अशा घनाची टोटल अ‍ॅश प्रमाणाबाहेर गेली की आपण वनस्पती पुरविणाऱ्यास माती मिसळल्याचा दोष देतो. दोष कित्येकदा आपल्याच टाकीत असतो. म्हणून पिण्यास योग्य असलेले प्रत्येक पाणी घननिर्मितीस योग्य असतेच असे नाही, हे आमचे ठाम मत आहे. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात ज्यांची निर्माणशाळा आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

प्राचीन परीक्षा

सुश्रुताने सूत्रस्थानाच्या द्रवद्रव्यविधी अध्यायात गांग व सामुद्र जल ओळखण्याची एक परीक्षा दिली आहे. शिजविलेल्या शालीभाताचा पिंड रुप्याच्या पात्रात ठेवून पाऊस पडत असता मुहूर्तभर, म्हणजे सुमारे ४८ मिनिटे, बाहेर ठेवावयाचा. पिंड जसाच्या तसा राहिला तर जल गांग. त्याचा वर्ण पालटला व शिते बुळबुळीत झाली तर सामुद्र. ठरावीक पात्र, ठरावीक निदर्शक द्रव्य, ठरावीक काळ व ठरावीक निष्कर्ष ही परीक्षणाची चारही अंगे येथे आहेत. त्याच अध्यायात जलाचे स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक असे सहा दोष सांगितले आहेत. पहिले चार इंद्रियगम्य आहेत. शेवटचे दोन मात्र पाणी प्यायल्यावर तृष्णा, गौरव, शूल, विष्टंभ इत्यादी लक्षणांवरूनच कळतात. आधुनिक उपकरणांचे प्रयोजन आमच्या मते या शेवटच्या दोन दोषांपाशी आहे. रुग्णाच्या कोष्ठास परीक्षानळी न करता दोष आधी कळावा, एवढेच. पीएच मीटर किंवा टीडीएस मीटर म्हणजे ऋषींच्या वचनाचा पुरावा, अशी जोडाजोड काही व्याख्यानांतून ऐकू येते. तिचा शास्त्रास काही उपयोग नाही.

टीडीएस मीटर : काय सांगतो, काय सांगत नाही

खिशात मावणारे हे उपकरण आज घरोघरी पोहोचले आहे. ते क्षार मोजत नाही. दोन धातूच्या टोकांमध्ये पाण्यातून वीज किती सुलभतेने वाहते, म्हणजे पाण्याची विद्युत्‌वाहकता किती, हे ते मोजते आणि त्या आकड्यास ०.५ ते ०.७ च्या दरम्यानच्या एका गुणकाने गुणून क्षारांचा अंदाज दाखविते. भिन्न उत्पादक भिन्न गुणक वापरतात. त्यामुळे एकाच पेल्यात दोन मीटर बुडविले असता एकावर ५०० व दुसऱ्यावर ७०० दिसले, तर दोन्ही बिघडलेले असतीलच असे नाही. वाहकता तापमानाबरोबर प्रत्येक अंशास सुमारे २ टक्क्यांनी वाढते. तापमानाची भरपाई आपोआप करणारे उपकरण घ्यावे व गरम पाण्यात ते बुडवू नये. पडताळणीसाठी ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण मिळते; २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता १४१३ मायक्रोसीमेन्स प्रतिसेंटिमीटर असते. महिन्यातून एकदा हा आकडा येतो की नाही हे पाहिले म्हणजे पुरे.

या मीटरला जंतू दिसत नाहीत. फ्लोराइड व आर्सेनिक घातक प्रमाणात असूनही आकडा अल्प राहू शकतो. गटाराचे पाणी मिसळलेल्या विहिरीचा टीडीएस ३०० असू शकतो. टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध, हे समीकरण विक्रेत्यांनी रुजविले आहे. त्यांच्या एका प्रयोगाविषयीही सांगणे अवश्य आहे. दोन पेल्यांत विजेच्या तारा सोडतात. नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी गाळ उठतो व यंत्रातील पाणी स्वच्छ राहते. तो गाळ पाण्यात नसतो. लोखंड व अ‍ॅल्युमिनियमच्या विद्युदग्रांतून तो सुटतो आणि क्षारयुक्त पाण्यातून वीज अधिक वाहते म्हणून तेथे तो लवकर दिसतो. चिमूटभर सैंधव टाकल्यास त्या ‘शुद्ध’ पाण्यातही तोच गाळ उठेल. वैद्याने तरी यास भुलू नये.

कठिणता, सामू व लोह

कठिणता मोजण्यास महागडे यंत्र लागत नाही. ब्युरेट, पिपेट, शंक्वाकृती चंबू व ईडीटीएचे ०.०१ मोलर द्रावण एवढ्यावर काम होते. ५० मिलिलिटर पाण्यात अमोनिया बफर घालून सामू १० च्या जवळ आणावा, एरिओक्रोम ब्लॅक-टी हे निदर्शक घालावे. पाण्यास मद्यासारखा लाल रंग येतो. ब्युरेटमधून ईडीटीए थेंबाथेंबाने सोडत जावे. लालसर छटा पूर्णपणे जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबावे. जितके मिलिलिटर द्रावण लागले त्यास २० ने गुणले असता प्रतिलिटर मिलिग्रॅममध्ये कठिणता मिळते. पदविकाधारक औषधनिर्माता ही कृती एका दुपारीत शिकतो. थेंब मोजून कठिणता सांगणारे तयार संचही मिळतात. दैनंदिन कामास ते चालतात.

येथे एका गैरसमजाचे निरसन करावे लागेल. कठीण पाण्यावर उपाय म्हणून अनेकांनी सॉफ्टनर बसविले आहेत. त्यातील राळ कॅल्शियम व मॅग्नेशियम धरून ठेवते आणि त्यांच्या मोबदल्यात सोडियम सोडते. कठिणता जवळजवळ शून्य होते, परंतु टीडीएस होता तेवढाच राहतो. मग मालक ‘यंत्र चालत नाही’ म्हणून तक्रार करतात. यंत्र चालत असते; बॉयलरला बसणारी पुटे त्याने थांबतात. घनातील क्षार मात्र त्याने घटत नाहीत. त्यासाठी आरओ किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच हवे. उपकरण कोणत्या कामाचे, हे न पाहता केलेली ही खरेदी आहे.

सामू मोजण्यासाठी कागदी पट्ट्या व पीएच मीटर असे दोन मार्ग आहेत. १ ते १४ अशा विस्तृत पल्ल्याच्या पट्टीवर ६.५ व ७.५ यांतील फरक डोळ्यांस नीट कळत नाही. अरुंद पल्ल्याची पट्टी घ्यावी. पीएच मीटर बहुतेक निर्माणशाळांत असतो व बहुतेक ठिकाणी त्याचा काचेचा इलेक्ट्रोड सुकलेला असतो. काम झाल्यावर तो ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावा, डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नये. वापरापूर्वी ७ व ४ किंवा ७ व ९.२ सामूच्या बफर द्रावणांनी त्याचे प्रमाणीकरण करावे. आरओच्या पाण्यात आकडा बराच वेळ स्थिरावत नाही. त्यात आयन फार थोडे असल्याने तसे होते.

लोहाची गोष्ट आपल्या व्यवसायात विशेष महत्त्वाची आहे, कारण हिरडा, बेहडा, अर्जुन, खदिर ही कषायरसप्रधान द्रव्ये टॅनिनयुक्त आहेत. टॅनिन व लोह यांचा संयोग झाला की निळसर काळा रंग येतो. एकाच पाठाच्या त्रिफळा क्वाथाचा वर्ण उन्हाळ्यात काळपट व पावसाळ्यानंतर तपकिरी येत असेल, तर द्रव्याआधी पाण्याकडे व पातेल्याकडे पाहावे. हिरड्याचा गाळलेला दाट क्वाथ पेलाभर पाण्यात थोडासा घातल्यास लोह पुरेसे असेल तर पाणी काळवंडते. ही परीक्षा आपल्याच कोठीतील आहे व विनाशुल्क आहे. नेमका आकडा हवा असल्यास फिनँथ्रोलिन घालून येणाऱ्या नारिंगी-लाल रंगाची तीव्रता कलरीमीटरवर मोजतात. हाच कलरीमीटर योग्य रसायने घेतल्यास फ्लोराइड व नायट्रेटसाठीही चालतो. मोठ्या निर्माणशाळेस आम्ही पीएच मीटरनंतरची दुसरी खरेदी म्हणून तोच सुचवू.

गढूळपणासाठी नेफेलोमीटर असतो. पाण्यातून प्रकाशकिरण सोडून ९० अंशांत विखुरलेला प्रकाश तो मोजतो व एनटीयू या एककात सांगतो. मानकाची मर्यादा १ आहे, अपवादात्मक स्थितीत ५. कुपीवर बोटाचा ठसा राहिला तरी आकडा चुकतो. कतकफलाने, म्हणजे निवळीच्या बियांनी, गढूळ पाणी निवळते हे सुश्रुतापासून ज्ञात आहे. ते किती निवळले, हे नेफेलोमीटर सांगतो. विरघळलेल्या क्षारांना मात्र निवळी काढू शकत नाही.

क्लोरीन व जंतू

ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी ज्याने ‘ओटी’ घेतो, तो क्लोरोस्कोप आपणांस परिचित आहेच. पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून येणारा पिवळा रंग तबकडीशी ताडून पाहावयाचा. हे रसायन कर्करोगकारक असल्याचा संशय असल्याने हाताळताना हातमोजे घालावेत. गुलाबी रंग देणारी डीपीडी पद्धत अधिक विश्वसनीय व अधिक सुरक्षित आहे. निर्जंतुक केलेल्या पिण्याच्या पाण्यात मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम असावा. मात्र न उकळता पाणी घालावयाच्या आसवात हाच क्लोरीन किण्वास बाधक ठरू शकतो. तेथे पाणी उकळून थंड करून घ्यावे व क्लोरीन गेलेले पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत साठवू नये.

जंतूंच्या बाबतीत ‘आम्ही तर सर्व काही उकळतो’ असे उत्तर मिळते. क्वाथापुरते ते खरे आहे. पण भावना देताना, वटीचा कल्क मळताना, सरबताचे प्रमाण पुरे करताना आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बाटल्या विसळताना जे पाणी येते, ते त्यानंतर कोठेच उकळत नाही. चार तास आटविलेला क्वाथ टाकीच्या पाण्याने विसळलेल्या बाटलीत भरला जातो. आमच्या मते जंतुपरीक्षणाचा नमुना विहिरीचा घेण्याआधी बाटल्या विसळण्याच्या नळाचा घ्यावा.

त्यासाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे एच-टू-एस बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतील मांजा, मौर्य व राव या शास्त्रज्ञांनी १९८२ साली ती प्रसिद्ध केली व पुढे ती अनेक देशांत वापरली गेली. निर्जंतुक बाटलीत माध्यम शोषलेली पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरून ३० ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवावयाचे. २४ ते ४८ तासांत पाणी काळे झाल्यास मलसंसर्गाचा संशय धरावा. ज्या बोअरच्या पाण्यास मुळातच गंधकाचा वास आहे, तेथे ही परीक्षा फसवू शकते. बाटली काळी झाली नाही म्हणून प्रयोगशाळा टाळता येत नाही, परंतु काळी झाली तर त्या दिवशीचे भरणे थांबवावे. निश्चित निदान एमपीएन पद्धतीने किंवा ०.४५ मायक्रॉनच्या पटलावर पाणी गाळून होते. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय आढळता कामा नये, हा दंडक आहे. उष्मापेटी, निर्जंतुकीकरणाचे साधन व प्रशिक्षित हात लागत असल्याने छोट्या निर्माणशाळेने हा पसारा मांडू नये. शिसे, आर्सेनिक इत्यादींसाठी लागणारे अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन उपकरणही बाहेरच बरे. पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे, जिल्ह्यांतून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, शिवाय मान्यताप्राप्त खाजगी प्रयोगशाळाही आहेत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी फ्लोराइडची तपासणी आवर्जून मागावी. न मागितल्यास ती अहवालात असेलच असे नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल नमुन्याइतकाच खरा असतो. रासायनिक तपासणीस स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोनतीनदा विसळून चालते. जंतुपरीक्षणाची निर्जंतुक बाटली मात्र विसळावयाची नसते, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन निष्क्रिय करण्यासाठी तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. धातूच्या तोटीस ज्योतीने शेकावे, दोनतीन मिनिटे पाणी वाहू द्यावे, बाटली काठोकाठ न भरता थोडी जागा ठेवावी आणि बर्फाच्या डब्यातून शक्यतो सहा तासांत, कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, ती प्रयोगशाळेत पोहोचवावी. बाटलीवर नळाचे स्थान, दिनांक व वेळ लिहावी. एकदा मे महिन्यात व एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर नमुना घेतल्यास स्रोताची दोन्ही टोके कळतात.