अंगदुखीची गोळी रोज घेताय? आधी नाव विचारा

दिवसभर उन्हात राबून आलेला माणूस मेडिकलवर जातो आणि "अंगदुखीची गोळी द्या" म्हणतो. दुकानदार पट्टीतून दोन गोळ्या कापून देतो. त्या तुकड्यावर अनेकदा औषधाचं नावही उरत नाही. कंबर, गुडघा, दाढ, पाळीतलं दुखणं, सगळ्यावर तीच गोळी. बहुतेक वेळा ती आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅक असते.

दुखापत झाली की शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. त्यांच्यामुळे सूज येते, वेदना वाढते. गोळी ही रसायनं तयार होण्यालाच आळा घालते. जॉन व्हेन यांनी हे १९७१ मध्ये ॲस्पिरिनच्या अभ्यासातून दाखवलं. पण हीच रसायनं जठराच्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात. म्हणून उपाशीपोटी किंवा रोज गोळी घेणाऱ्याच्या पोटात जखम होऊ शकते. घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं असेल, तर मूत्रपिंडालाही इजा होते. ॲसिडिटीची गोळी सोबत घेतली की झालं, असं अनेकांना वाटतं. ती पोटाला काहीसं वाचवते, मूत्रपिंडाला नाही.

मुरगळलेला पाय, सुजलेली दाढ यांसाठी दोन-तीन दिवस, जेवणानंतर, कमीत कमी मात्रेत ही गोळी उपयोगी आहे. नुसता गुडघा दुखत असेल तर आधी मलम लावून पाहावं, त्यातलं औषध रक्तात फार कमी जातं. रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, अल्सर किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. शौचास डांबरासारखी काळी झाली तर थेट दवाखाना गाठावा.

पावसाळ्यातल्या तापात विशेष जपावं. डेंग्यू असेल तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, तिथे ठरलेल्या मात्रेत पॅरासिटामॉलच.

सुट्टी घेतली की मजुरी बुडते, म्हणून आपली माणसं गोळी घेऊन कामावर जातात. त्यांना निष्काळजी म्हणणं सोपं आहे आणि चुकीचंही. जयंतीच्या आरोग्य शिबिरात आपण रक्तदाब आणि साखर तपासतो. त्याच टेबलावर "दुखण्याची गोळी आठवड्यातून किती वेळा घेता?" हेही विचारावं. महिनोन्‌महिने घेणारा कुणी सापडला, तर त्याला डॉक्टरांकडे क्रिएटिनिनच्या तपासणीसाठी पाठवावं आणि जाताना गोळ्यांची पट्टी सोबत न्यायला सांगावं.