कोळसामुक्ती आणि राजकीय तडजोड : जर्मनीचा अनुभव

हवामानविषयक धोरण केवळ शास्त्रीय पुराव्यांच्या बळावर टिकत नाही. त्यास लोकमान्यताही लागते. या दृष्टीने जर्मनीच्या कोळसा आयोगाचा अनुभव अभ्यसनीय ठरतो. जून २०१८ मध्ये नेमलेल्या या आयोगात कामगार संघटना, उद्योगजगत, पर्यावरणवादी, शास्त्रज्ञ आणि खाणपट्ट्यातील रहिवासी यांना एकत्र बसविण्यात आले. जानेवारी २०१९ मध्ये मताधिकार असलेल्या २८ सदस्यांपैकी २७ जणांनी अहवालास संमती दिली. २०३८ पर्यंत कोळशावरील वीजनिर्मिती थांबवावी आणि खाणप्रदेशांना २० वर्षांत ४० अब्ज युरो द्यावेत, असे त्यात ठरले. पॅरिस कराराच्या उद्दिष्टांचा विचार करता ही मुदत लांबची होती, हा पर्यावरणवाद्यांचा आक्षेप रास्तच म्हणावा लागेल. तथापि, उपजीविकेची हमी दिल्यावाचून खाणकामगाराने संमती द्यावी, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. विरोधाचे एकमेव मत लुसाटियातील खाणग्रस्त गावांच्या प्रतिनिधीचे होते, हे (बहुतेक चर्चांत सुटणारे) वास्तव येथे नोंदविणे आवश्यक आहे. २०२० मध्ये कायदा संमत झाला. २०२२ मध्ये ऱ्हाइनलँडपुरती मुदत २०३० वर आणली गेली. मात्र त्याच समझोत्यान्वये ल्युट्झेराथ हे गाव खाणीसाठी सोडून देण्यात आले आणि जानेवारी २०२३ मध्ये पोलिसांनी तेथील आंदोलकांना हटविले.