उलटलेल्या कॉर्डमध्ये काय बदलतं?

गिटारवर ‘जी थर्टीन’ ही कॉर्ड पूर्ण धरता येत नाही. तारा सहा आणि स्वर सात. पांढरी एकचा सा मानला, तर प, नी, रे, म, ध, सा, ग असं अख्खं सप्तकच तिच्यात येतं. काहीतरी गाळावं लागतं, आणि ते बोटांच्या सोयीने ठरतं असा सर्रास समज आहे. खरं तर ते कानाच्या घडणीवरून ठरायला हवं. शास्त्रीय संगीताच्या रसिकांना याचा पुरावा ओळखीचा आहे: नीट जुळलेल्या तानपुऱ्यात कोणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा हा सहायक नाद. तिप्पट कंपनांचा नाद म्हणजे त्या स्वराचा पंचम. म्हणून सहाव्या तारेवर प (९८ हर्ट्झ) वाजत असेल, तर त्याचा पंचम, म्हणजे रे, वेगळा धरायची गरज नाही. नी मात्र धरावाच लागतो, कारण म आणि नी एकत्र आल्याशिवाय सा-गकडे ओढणारा डॉमिनंटचा ताण निर्माणच होत नाही. नीला खेटणारा सा बहुधा गाळतात.

कॉर्ड उलटली, म्हणजे तिचं इन्व्हर्जन केलं, की मात्र हा हिशेब बदलतो. यावर कोणी म्हणेल, इन्व्हर्जन म्हणजे त्याच स्वरांची उलथापालथ, मग हिशेब का बदलावा? जी थर्टीनमधले सा आणि ग वगळून उरणाऱ्या ‘जी नाइन’चं पहिलं इन्व्हर्जन घ्या. पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट, चौथीवर तिसरा, तिसरीवर दुसरा, उरलेल्या दोन्ही पातळ तारांवर तिसरा. स्वर नी, म, ध, रे, प. आता तळाशी नी आहे, १२३.५ हर्ट्झचा, त्याची तिप्पट ३७०. मची कंपनं १७४.६, दुप्पट ३४९. हे दोन नाद जेमतेम २१ हर्ट्झच्या अंतरावर एकमेकांना घासतात. शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८६३च्या ग्रंथात उलगडलेला खरखरीतपणा तो हाच. प तळाशी ठेवून नी एक सप्तक वर नेला की ही घासाघीस बरीच मऊ होते. स्वर तेच, पण नाद तोच नाही. शिवाय रे पुरवणारा प आता पहिल्या तारेवर चढला आहे, म्हणून इथे रे धरलेलाच बरा.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वरचा प सोडला तर नी, म, ध, रे उरतात, आणि ती ‘बी हाफ-डिमिनिश्ड’ कॉर्डही आहे. अगदी खरं. पण बास गिटार तळाला प देत असेल, तर कान तिला जी नाइन म्हणूनच स्वीकारतो. एकट्या गिटारला तो आधार नसतो. तेव्हा करंगळीला ताण पडला तरी पहिल्या तारेवरचा प सोडू नये.