कॉफी, पाणी आणि तरोट्याचे बी

चांगल्या कॉफीचा कप हाती येतो की नाही, हे कॉफीच्या बागेपासूनचे अंतर किती यापेक्षा पूड दळून किती दिवस झाले आणि तिच्यावर ओतलेले पाणी कसले होते, यावर अधिक ठरते. मुंबईच्या बंदरातून गोवा किंवा लक्षद्वीपकडे निघणाऱ्या पर्यटन जहाजावर हे जितके खरे आहे, तितकेच ते ताडोबाच्या मोहर्ली दरवाजाजवळच्या निवासात आणि भामरागडच्या विश्रामगृहातही खरे आहे. जहाज आणि जंगल या दोन जागांत वरवर काहीच साम्य दिसत नाही. तरी दोन्हीकडे कॉफी बाहेरून येते, साठवून ठेवावी लागते आणि हाताशी असेल त्या पाण्यात करावी लागते. म्हणून चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत कॉफी शोधणाऱ्याला जहाजाचे उदाहरण आधी समजून घेतल्यास उपयोग होतो.

मोठ्या जहाजावर पिण्याचे पाणी बरेचदा समुद्रातूनच तयार केले जाते. एका पद्धतीत इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर, हवेचा दाब कमी केलेल्या पात्रात समुद्राचे पाणी कमी तापमानालाच उकळवून त्याची वाफ थंड करतात. दुसऱ्या पद्धतीत, म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस किंवा घरोघरी माहीत असलेल्या ‘आरओ’मध्ये, पाणी मोठ्या दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून ढकलतात. दोन्हींतून निघणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असल्यामुळे त्यात पुन्हा खनिजे मिसळावी लागतात आणि जंतुनाशक म्हणून क्लोरीनही घालावे लागते. त्यातच शेकडो प्रवाशांची न्याहारी एकाच वेळी उरकायची असल्याने अनेक जहाजांच्या मुख्य भोजनगृहात कॉफीचा आटवलेला अर्क यंत्रातून गरम पाण्यात मिसळून दिला जातो, तर ताज्या दळलेल्या बियांची कॉफी हवी असल्यास वेगळ्या कॉफी-बारकडे वेगळे पैसे मोजावे लागतात. अनुभवी प्रवासी तिकडेच वळतात, आणि त्यांचे वळणे योग्यच असते.

चंद्रपूर-गडचिरोली हा मुळात चहाचा मुलूख आहे. महाराष्ट्रात कॉफीची लागवड म्हटले की विदर्भातलेच, पण अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटातील चिखलदरा पुढे येते; इंग्रजांच्या काळात तेथील उंच, थंड पठारावर कॉफी लावली गेली. चंद्रपूरची भूमी मात्र सखल आहे, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे तेथे नित्याचे असल्याने कॉफीच्या झाडाला ती मानवणारी नाही. तरीही कॉफीचा रस्ता या जिल्ह्यातूनच जातो. काझीपेठ ते बल्लारशा हा लोहमार्ग १९२९ मध्ये पूर्ण झाला आणि मद्रास थेट दिल्लीशी जोडले गेले. तेव्हापासून दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्या बल्लारशाला थांबत आल्या आहेत. बल्लारपूरची कागद गिरणी, भद्रावतीचा आयुध निर्माणी कारखाना, कोळशाच्या खाणी आणि दुर्गापूरचे औष्णिक वीज केंद्र यांमुळे देशाच्या अनेक भागांतली कुटुंबे या जिल्ह्यात वसली. अशा वसाहतीत एखाद्या तमिळ किंवा मल्याळी घरी मिळणाऱ्या कॉफीशी महागड्या निवासातल्या यंत्राची कॉफी क्वचितच बरोबरी करू शकते, आणि त्याचे कारण पुडीच्या वयात आहे.

कॉफीचे बी भाजले की त्यात शेकडो सुगंधी द्रव्ये आणि बराचसा कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो. बी अखंड असेतोवर हा सुगंध काही आठवडे टिकतो. दळल्यावर मात्र हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग एकदम अनेक पटींनी वाढतो, वायू निसटतो, तेलकट अंश ऑक्सिजनशी संयोग पावून खवट होऊ लागतो आणि पूड थोड्याच दिवसांत निस्तेज होते. उष्णता आणि दमट हवा ही क्रिया आणखी वेगाने घडवतात. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या पाकिटाकडून, किंवा पर्लकोटा नदीच्या पुराने रस्ता तुटण्याआधी भामरागडात भरून ठेवलेल्या पावसाळी साठ्याकडून, फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. अशा ठिकाणी बरणीबंद इन्स्टंट कॉफी सरस ठरते, हे कॉफीच्या दर्दी माणसालाही मान्य करावे लागेल. इन्स्टंट कॉफी म्हणजे आधीच तयार करून वाळवलेला अर्क होय. तो गरम हवेत फवारून वाळवलेला असतो किंवा गोठवून निर्वात जागी वाळवलेला असतो, आणि दुसऱ्या रीतीत स्वाद अधिक टिकतो.

पाकीट उचलताना त्यावरचा एक आकडा अवश्य वाचावा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच पुडींत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे निळ्या फुलांच्या एका झाडाचे भाजून दळलेले मूळ असून त्यात कॅफिन नसते. तिने कपाला गडद रंग, दाटपणा आणि गोडसर कडवटपणा येतो. भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि दोहोंचे प्रमाण वेष्टनावर छापावे लागते. चिकोरीत गैर काही नाही. दुधाच्या कॉफीत पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत ती शोभतेही. पण निम्मी चिकोरी असलेली पूड शुद्ध कॉफीच्या अपेक्षेने विकत घेतल्यास निराशाच पदरी पडते.

जंगलाच्या प्रवासाला सर्वांत योग्य साधन म्हणजे दक्षिणी पद्धतीचा पितळी किंवा स्टीलचा फिल्टर, कारण त्याला वीज लागत नाही. त्यात एकावर एक बसणारी दोन भांडी असतात आणि वरच्याच्या तळाला बारीक छिद्रे असतात. वरच्या भांड्यात तीन-चार चमचे पूड सपाट पसरून तिच्यावर दांड्याची चकती अलगद टेकवायची, नुकते उकळून क्षणभर थांबलेले पाणी कडेने गोल फिरवत ओतायचे आणि झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे वाट पाहायची. थेंबाथेंबाने खाली साचणारा दाट काढा, ज्याला डिकॉक्शन म्हणतात, गरम दुधात मिसळला की कॉफी तयार होते. चकती जोराने दाबली किंवा पूड पिठासारखी बारीक असली तर थेंब पडणे थांबते. अशा वेळी वरचे भांडे किंचित उचलून परत ठेवल्यास वाट मोकळी होते. ताडोबाची सकाळची सफारी पहाटेच सुरू होत असल्याने काढा रात्री झोपण्यापूर्वी करून ठेवणे सोयीचे पडते. एका रात्रीत तो फारसा उतरत नाही.

पाण्याचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि त्याकडे लक्ष मात्र सर्वांत कमी जाते. काळ्या कॉफीच्या कपात अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पुडीतले स्वादद्रव्य ओढून घ्यायला मदत करतात, म्हणून निव्वळ क्षारविरहित पाण्यातली कॉफी पोकळ आणि आंबूस लागते. उलट, पाण्यात बायकार्बोनेट फार असले तर ते कॉफीतली आम्ले मारून टाकते आणि कप मातकट, बोथट होतो. कॉफीच्या व्यवसायात पाण्यातील एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या आसपास असणे उत्तम मानले जाते, तर भारतीय मानक पिण्यासाठी ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी स्वीकारार्ह धरते आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सूट देते. म्हणजे पिण्यास पूर्ण योग्य असलेले पाणी कॉफीला अयोग्य असू शकते. चंद्रपूर जिल्ह्याच्या राजुरा-कोरपना भागात चुनखडीचे मोठे थर आहेत आणि गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने त्यावरच उभे आहेत. चुनखडीतून झिरपलेले पाणी साहजिकच जड असते आणि किटलीच्या तळाशी पांढरा थर धरते.

या जडपणावर घरगुती उपाय आहे. पाणी आठ-दहा मिनिटे चांगले उकळू दिले की बायकार्बोनेटच्या रूपातला चुना पांढऱ्या कणांच्या रूपात वेगळा होतो. भांडे हलू न देता निवू दिले की कण तळाशी बसतात आणि वरचे निवळ पाणी हळूच ओतून घेता येते. हे पाणी पुन्हा तापवून फिल्टरमध्ये घातल्यास त्याच पुडीची कॉफी ओळखू येऊ नये इतकी सुधारते. मात्र फ्लोराइडच्या बाबतीत हा उपाय चालत नाही, आणि हे ठासून सांगणे आवश्यक आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड लिटरमागे १.५ मिलिग्रॅम या कमाल मर्यादेहून अधिक आढळते. अशा पाण्याने दात पिवळे-तपकिरी पडतात आणि पुढे हाडे ताठरतात. उकळल्याने फ्लोराइड उडून जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते. अशा गावात कॉफी असो की चहा, प्रक्रिया केंद्राचे किंवा आरओचे पाणीच वापरावे आणि चव थोडी पोकळ लागली तरी ती चालवून घ्यावी. चव उजळायचीच असेल तर सुरक्षित ठरलेल्या दुसऱ्या स्रोताचे थोडे पाणी त्यात मिसळता येते.

दुधाविषयी फार सांगण्याजोगे नाही. म्हशीचे ताजे दूध न आटवता, एकदाच उकळून वापरले तर उत्तम; दूध भुकटीची कॉफी नेहमीच किंचित शिजकट लागते.

या जंगलांत कॉफीसारखे पेय देणारी एक वनस्पती दर पावसाळ्यात वाटेच्या कडेला आपोआप उगवते, आणि तिची दखल घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. विदर्भात तिला तरोटा म्हणतात, कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात टाकळा. पहिल्या पावसानंतर तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी घरोघरी होते. पुढे पिवळी फुले येतात आणि पावसाळा सरल्यावर बारीक, लांब, बाकदार शेंगांत चकचकीत तपकिरी, तिरकस चौकोनी बिया पिकतात. झाडे उपटून, वाळवून, काठीने झोडपून बी वेगळे काढतात आणि व्यापाऱ्याला विकतात. बियांच्या गाभ्यापासून मिळणारा डिंक खाद्यपदार्थ घट्ट करण्यासाठी वापरला जातो आणि भारतातून त्याची निर्यात होते. केंद्र सरकारच्या किमान आधारभूत किमतीच्या गौण वनोपज यादीतही हे बी ‘पुवाड’ या नावाने आहे. हेच बी भाजून केलेले पेय जपान, कोरिया आणि चीनमध्ये रोजच्या पिण्यात आहे, आणि भारतातही कॉफीला पर्याय म्हणून त्याचा उल्लेख वनस्पतीविषयक ग्रंथांत होत आला आहे.

लोखंडी कढईत मंद आचेवर हे बी सतत हलवत भाजले की आधी ते तडतडते, मग त्याला शेंगदाण्यासारखा खमंग वास सुटतो आणि रंग काळपट तपकिरी होतो. याच क्षणी कढई उतरवावी लागते, कारण थोडा उशीर झाला तरी कडवटपणा वाढतो. भरड दळून पाण्यात उकळल्यावर येणारे पेय रंगाने कॉफीसारखे आणि चवीने भाजक्या धान्याच्या जवळचे असते. त्यात कॅफिन नसल्यामुळे तरतरी येत नाही, मात्र रात्री प्यायल्यास झोपही उडत नाही. बियांत अँथ्राक्विनोन गटातली सौम्य रेचक द्रव्ये असल्याने ते बेताने प्यावे, आणि गरोदर स्त्रियांनी व लहान मुलांनी टाळावे. टंचाईच्या काळात असे पर्याय जगभर पुढे आले. नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केल्यावर युरोपात चिकोरीचा प्रसार वाढला, आणि महात्मा गांधींनीही आरोग्यविषयक लेखनात चहा-कॉफीच्या जागी भाजलेल्या गव्हाचे पेय सुचवले होते. तरोट्याला मात्र कॉफीची नक्कल म्हणून विकण्यापेक्षा तरोट्याचे पेय म्हणूनच पुढे आणणे अधिक न्यायाचे होईल, कारण कॉफीच्या अपेक्षेने पिणारा त्यावर हमखास अन्याय करतो.

तरोट्याच्या शेजारीच त्याचा विषारी भाऊबंद कासविंदा उगवतो, ज्याला काही भागांत रानटाकळा म्हणतात, आणि त्याच्याबाबत सावध राहणे भाग आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात मुलांच्या यकृत, स्नायू आणि मेंदूवर एकाच वेळी आघात करणाऱ्या जीवघेण्या आजाराचा संबंध कासविंद्याच्या बिया खाण्याशी जोडला गेला, आणि २०१६ मध्ये ओडिशाच्या मलकानगिरी जिल्ह्यात झालेल्या बालमृत्यूंच्या तपासातही हेच झाड पुढे आले. भाजल्याने विषारीपणा कमी होतो असे म्हटले जाते, पण त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. दोन्ही झाडे ओळखणे अवघड नाही. तरोट्याच्या प्रत्येक पानावर गोलसर टोकाच्या पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि शेंग बारीक, धनुष्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याच्या पर्णिका टोकदार आणि चार ते सहा जोड्यांच्या, चुरगळल्यावर दुर्गंध येणाऱ्या असतात, शेंग रुंद व चपटी असते आणि बी गोलसर, मंद रंगाचे असते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा बांबू आणि तेंदूची विक्री स्वतः करू लागल्या आहेत. अशा ग्रामसभेने उद्या भाजलेला तरोटा पाकिटात भरायचे ठरवले, तर पहिली चाळणी शेंग झाडावर असतानाच लावावी लागेल; बी एकदा पोत्यात गेले की हजारो तपकिरी दाण्यांतून कासविंद्याचे दाणे वेचून काढणे कोणालाही शक्य होणार नाही.