रोहिण्यांतील कॅल्शियम आणि जनुकांचा लगाम

जुना नळ कापला तर आत क्षारांचा पांढरट थर दिसतो. वय वाढते तसे रोहिण्यांतही, म्हणजे हृदयाकडून रक्त वाहून नेणाऱ्या नलिकांतही, कॅल्शियमचे क्षार साचतात. वर्गात ही उपमा सोयीची असली तरी ती फार ताणू नये. नळातला थर आतल्या पृष्ठभागावर बसतो. रोहिणीत मात्र क्षार भिंतीच्या जाडीत, जिवंत पेशींच्या सान्निध्यात तयार होतात आणि त्यांची रासायनिक घडण हाडातल्या क्षारांसारखी असते.

खरे तर प्रश्न उलटा विचारायला हवा. रक्तात कॅल्शियम आणि फॉस्फेट सतत असतात. मग सर्वांच्या रोहिण्या लहानपणीच कडक का होत नाहीत? कारण शरीराने या क्रियेला लगाम घातलेला असतो. एमजीपी नावाचे प्रथिन हा असा एक लगाम. १९९७ साली शास्त्रज्ञांनी उंदरांमधील या प्रथिनाचे जनुक निकामी केले. त्या उंदरांच्या रोहिण्या कॅल्शियमने भरून गेल्या, फुटल्या आणि दोन महिन्यांच्या आत उंदीर मेले. हे प्रथिन कार्यक्षम होण्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते. म्हणजे जनुक आणि आहार दोन्ही इथे एकत्र येतात.

आता स्त्रियांचा विचार करू. हृदयाच्या रोहिण्यांत कॅल्शियम साचण्याची क्रिया स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा सरासरी दहा वर्षे उशिरा दिसू लागते. रजोनिवृत्तीनंतर मात्र ती वेग घेते. या उशिरामुळेच ‘हृदयविकार हा पुरुषांचा आजार’ असा समज रुजला.

याच ठिकाणी एका जनुकाची गोष्ट उद्बोधक आहे. सहाव्या गुणसूत्रावर फॅक्टर-१ नावाचे जनुक आहे. त्यातील एका ठरावीक जागी काहींमध्ये डीएनएचे ‘जी’ हे अक्षर असते, तर काहींमध्ये ‘ए’. ‘जी’ असलेल्यांच्या हृदयरोहिण्यांत कॅल्शियम साचण्याची शक्यता थोडी अधिक असते, असे २०११ साली दिसले. मग ‘ए’ हे अक्षर चांगले म्हणावे का? २०१९ साली वेगळीच बाजू पुढे आली. हृदयरोहिणीच्या भिंतीचे थर अचानक विलग होऊन हृदयविकाराचा झटका येतो, असा एक आजार आहे. त्याचे दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात आणि अनेकींच्या रोहिण्यांत क्षारांचा थरही नसतो. या आजाराचा धोका वाढवणारे अक्षर निघाले ‘ए’!

एकच अक्षर, एका आजारात उपकारक आणि दुसऱ्यात अपायकारक. म्हणून ‘चांगले जनुक’ आणि ‘वाईट जनुक’ अशी विभागणी फसवी ठरते. ‘कॅल्शियम नाही, वय कमी आहे, बाई आहे, म्हणजे हृदयाचे दुखणे नसणार’ हा तर्कही तितकाच फसवा. छातीत दुखणे किंवा दम लागणे या तक्रारी घरातल्या बाईने केल्या, तर त्या ‘पित्त’ म्हणून सोडून देऊ नयेत.

मेंडेलच्या वाटाण्यात एक जनुक उंच की बुटके हे ठरवी. इथे तसे नाही. अनेक जनुके थोडा थोडा धक्का देतात. त्यांत तंबाखू, रक्तदाब, मधुमेह यांची भर पडते. जनुके आपण निवडू शकत नाही. उरलेल्या गोष्टींपैकी कोणत्या आपल्या हाती आहेत, याची यादी विद्यार्थ्यांनाच करू द्यावी.