पाच प्रतलांचा प्रश्न

सिद्धांत सांगावा, त्याखाली नमुन्याची उदाहरणे सोडवून दाखवावीत, या रूढ शिरस्त्याने महाविद्यालयीन विद्यार्थी परीक्षेपुरता तयार होतो. परंतु अपरिचित प्रश्नाला हात कसा घालावा, याची तालीम ज्यांनी आयुष्यभर निष्ठेने दिली, ते बुडापेस्टमध्ये १८८७ साली जन्मलेले व पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात स्थिरावलेले गणिती जॉर्ज पोल्या होत. त्यांचा १९४५ चा ‘हाऊ टु सॉल्व्ह इट’ हा ग्रंथ विख्यात आहेच; मला मात्र १९६६ चा ‘लेट अस टीच गेसिंग’ हा चित्रित पाठ अधिक मोलाचा वाटतो.

सर्वसाधारण स्थितीतील पाच प्रतले अवकाशाचे किती भाग करतील? पोल्या आधी अटकळ बांधावयास लावतात आणि मग सोप्या प्रश्नाकडे वळवितात. एका प्रतलाने २ भाग, दोहोंनी ४, तिहींनी ८. तेव्हा चौहोंनी १६ व्हावेत असे कोणासही वाटेल, पण होतात १५! कारण चौथ्या प्रतलास आधीची तीन प्रतले तीन रेषांत छेदतात, त्या रेषांनी त्याचे ७ तुकडे पडतात, आणि प्रत्येक तुकडा जुन्या एकेका भागाचे दोन करतो. पाचव्यावर चार रेषा, म्हणजे ११ तुकडे, एकूण २६.

अभ्यासक्रम पुरा करण्याची अध्यापकांची अडचण रास्त आहे. तरीही येत्या सत्रात एक तास या प्रश्नासाठी राखून ठेवावा, आणि त्या ७ तुकड्यांचे कारण विद्यार्थ्यांच्याच तोंडून येईपर्यंत कृपया खडू हाती घेऊ नये.